कॉर्नेलिअसचा 'एफएम' मूळ अल्बमसारखा का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जपानी संगीतकार कॉर्नेलिअसचा 'फॅन्टाझ्मा' हा अल्बम तुम्हाला फार आवडला, म्हणून इतर संगीतकारांनी केलेल्या त्याच गाण्यांच्या रीमिक्सचा 'एफएम' मोठ्या अपेक्षेने लावला आणि हिरमोड झाला. गाणी ओळखू येईनात, एका ट्रॅकचा दुसऱ्याशी मेळ बसेना. तर या पाहुण्या संगीतकारांना नेमकं देतात काय, ते त्याचं करतात काय, आणि तुमच्या बँडच्या ईपीचा, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमचा, असा एखादा अल्बम काढायचा झाला तर सुरुवात कुठून करायची?

मिक्सिंग हा माझा धंदा. दुसऱ्यांच्या गाण्यांचे रीमिक्स केलेत, आणि मी मिक्स केलेली गाणी दुसऱ्यांनी मोडून नव्याने बांधलेली ऐकलीही आहेत. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो: 'एफएम' हा 'फॅन्टाझ्मा'चा पुढचा भाग म्हणून ऐकला की फसतो. ती एका देवाणघेवाणीची अर्धी बाजू आहे. उरलेली अर्धी 'सीएम' नावाच्या अल्बमात आहे. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय त्यात काय चाललंय ते कळणं कठीण.

आधी मूळ अल्बमबद्दल बोलू, कारण अडचण तिथूनच सुरू होते. कॉर्नेलिअस म्हणजे केइगो ओयामादा. जन्म 1969, टोकियोचा. केंजी ओझावासोबतचा 'फ्लिपर्स गिटार' 1991 मध्ये मोडला, मग त्याने 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मधल्या चिंपांझीचं नाव घेऊन एकट्याने काम सुरू केलं. 'ट्रॅटोरिया' हे त्याचं स्वतःचं लेबल. टोकियोच्या शिबुया भागातल्या मोठ्या रेकॉर्ड दुकानांभोवती वाढलेल्या 'शिबुया-केइ' या पंथाचा तो मोठा चेहरा. ही सगळी मंडळी मुळात अट्टल रेकॉर्ड गोळा करणारी. साठच्या दशकातले फ्रेंच पॉप, ब्राझीलचा बोसा नोव्हा, बीच बॉइज, सिनेमांची पार्श्वसंगीतं असं सगळं ऐकून, कापून, जोडून त्यांनी आपलं पॉप बनवलं. 

1997 च्या 'फॅन्टाझ्मा'त हे जोडकाम टोकाला गेलेलं आहे. पहिलाच ट्रॅक 'माइक चेक' म्हणजे माइकची चाचणी आणि या कानातून त्या कानात फिरणारे खोलीतले बारीकसारीक आवाज. जपानमधल्या पहिल्या मर्यादित आवृत्तीसोबत इअरफोन दिले होते, आणि ती नुसती भेटवस्तू नव्हती, अल्बम कसा ऐकायचा याची सूचनाच होती. 'स्टार फ्रूट्स सर्फ रायडर' मऊ, झुलतं चालू असतं आणि ध्रुवपदाला अचानक ड्रम अँड बेसचा, म्हणजे वेगवान यांत्रिक ड्रमचा, धबधबा कोसळतो. 'काउंट फाइव्ह ऑर सिक्स'मध्ये यांत्रिक आवाज सहापर्यंत मोजत राहतो आणि खाली गिटार तुफान वाजत असते.

आता रीमिक्स करणाऱ्याच्या खुर्चीत बसा. साध्या गाण्याचा रीमिक्स करताना आपण काय करतो? गायकाचा आवाज सुटा काढतो, खालची साथ फेकतो आणि नवी बांधतो. आवाज हाच गाण्याचा कणा असतो, तो ठेवला की गाणं ओळखू येतं. 'फॅन्टाझ्मा'त ही सोय नाही. ओयामादाचा आवाज मुद्दाम मागे ठेवलेला, वाद्यांपैकीच एक असल्यासारखा. गाण्याची ओळख चालीपेक्षा तुकड्यांच्या रचनेत आहे: कुठला आवाज कुठल्या कानात, कशानंतर काय, किती अचानक. आणि रीमिक्स करायचा म्हणजे पहिला घाव त्या रचनेवरच घालावा लागतो. म्हणजे जे मोडायचं तेच नेमकं ते गाणं होतं. म्हणून तुम्हाला गाणी ओळखू आली नाहीत. यात तुमच्या कानाचा दोष नाही.

त्या काळी पाहुण्याच्या हातात काय पडायचं, तेही लक्षात घ्या. आज लिंक पाठवली की झालं. 1998 मध्ये दोन इंची टेपची रिळं, एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक साठवणारी एडॅट, नाहीतर डॅट ही छोटी डिजिटल टेप कुरिअरने दुसऱ्या देशात जायची. तिथला माणूस त्यातून हवे ते तुकडे सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात, भरायचा. त्या वेळच्या स्टुडिओंत अकाईचे सॅम्पलर सर्रास असत, आणि एस-1000 मालिकेतल्या यंत्राची स्मृती फार तर 32 एमबी. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला दहा एमबी खातो. म्हणजे स्मृती पूर्ण वाढवलेल्या यंत्रातही जेमतेम तीन मिनिटं. अख्खं गाणं बहुवाद्य स्वरूपात त्यात मावणारच नाही. तेव्हा निवडा: दोन मात्रांचा ड्रम, एक गिटारचा तुकडा, एक ओळ आवाज. त्या काळातले रीमिक्स तुकड्यातुकड्यांचे आणि आवर्तनं घोटणारे वाटतात ते फक्त आवड म्हणून नाही. यंत्राने घातलेली शिस्तही त्यात आहे. लय बदलायची तर टाइम-स्ट्रेच, म्हणजे सूर न बदलता तुकड्याची लांबी ताणणं, करावं लागे आणि आवाजाला पत्र्यासारखी खरखर येई. काहींनी ती लपवली, बऱ्याच जणांनी तिचीच चव केली.

लयीचा मुद्दा तर आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल. सहाच्या मोजणीचं गाणं चारच्या नाच-तालात आणायचं म्हणजे दादऱ्यातली बंदिश केहरव्यात बसवण्यासारखं आहे. एक तर चालीतले दोन शब्द ताणा, नाहीतर सहातले चारच घ्या आणि उरलेलं विसरा. तिसरा मार्ग म्हणजे सहाची आवर्तनं चारच्या ठेक्यावर तशीच फिरू द्यायची. बारा मात्रांनी दोघं एकत्र समेवर येतात. कान हुशार असेल तर हा तिसरा मार्ग सगळ्यांत सुंदर, पण नाचणाऱ्याचे पाय त्यात अडखळतात.

आता पाहुणे. 'एफएम'च्या यादीत मनी मार्क, डेमन अल्बार्न, जेम्स लॅव्हेलचा 'अंकल', कोल्डकट, द पेस्टल्स, द हाय लामाज आणि टोकियोचाच बफेलो डॉटर अशी नावं आहेत. ही यादी वरवर पाहिली तर बाजारातली चलती नावं गोळा केल्यासारखी वाटते. मग 'सीएम'ची यादी काढा. त्यात कॉर्नेलिअसने इतरांच्या गाण्यांचे केलेले रीमिक्स आहेत, आणि गाणी कुणाची? मनी मार्कचं, अंकलचं, कोल्डकटचं, पेस्टल्सचं, हाय लामाजचं, बफेलो डॉटरचं. तीच माणसं! डेमन अल्बार्नच्या ब्लरचं 'टेंडर'ही त्याने 1999 मध्ये रीमिक्स केलं. तू माझं मोड, मी तुझं मोडतो, असा हा व्यवहार.

आमच्या धंद्यात याला साधं 'स्वॉप' म्हणतात. छोट्या लेबलांच्या जगात ही जुनी रीत आहे आणि पैसे वाचवण्यापलीकडे तिचा एक परिणाम होतो. ज्याने आपलं गाणं तुमच्याकडे सोपवलं आहे, त्याच्या गाण्यावर तुम्ही हात राखून काम करत नाही, आणि पाट्याही टाकत नाही. मोठी कंपनी नामवंत रीमिक्सरला ठोक रक्कम देते तेव्हा अनेकदा काय होतं ते मी पाहिलंय: त्याच्याकडे आधीच तयार असलेला एखादा ट्रॅक असतो, त्यावर तुमच्या गायकाची एक ओळ चिकटवून येते. नाव मोठं, काम अर्ध्या दिवसाचं. स्वॉपमध्ये असं केलं तर पुढच्या महिन्यात तुमचं गाणं त्याच माणसाच्या हातात असतं.

या यादीतला माझा आवडता धागा हाय लामाजचा. 'फॅन्टाझ्मा'त 'द मायक्रो डिस्नेकल वर्ल्ड टूर' असं गाणं आहे. हाय लामाजचा कर्ता शॉन ओ'हॅगन याआधी आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या 'मायक्रोडिस्ने' या बँडात होता. म्हणजे ओयामादाने त्याच्या जुन्या बँडच्या नावाशी खेळत, बीच बॉइजवरच्या दोघांच्या समान प्रेमातून ते गाणं केलं, आणि मग रीमिक्सला ते गाणं दिलं कुणाला, तर हाय लामाजला. ज्याला उद्देशून गाणं केलं त्याच्याच हाती ते सोपवायचं, यात खट्याळपणा आहे आणि आदरही. हे माहीत नसताना तो ट्रॅक म्हणजे नुसता अल्बमातला एक हळवा तुकडा. माहीत असेल तर ते चक्क पत्राला आलेलं उत्तर.

पाहुणे मूळ अल्बमातही होतेच. 'चॅप्टर 8' हे गाणं 'द अॅपल्स इन स्टिरिओ' या अमेरिकन बँडच्या रॉबर्ट श्नायडर आणि हिलरी सिडनी यांच्यासोबत केलेलं आहे. त्यांचा भाग आणि ओयामादाचा भाग यांच्यामध्ये टेप रेकॉर्डरची बटणं दाबल्याचे आवाज येतात. सांधा लपवण्याऐवजी तो ऐकवला आहे. अशा माणसाने आपलं काम दुसऱ्यांना मोडायला द्यावं यात नवल नाही. 1995 च्या '69/96'चा रीमिक्स अल्बमही त्याने पुढच्याच वर्षी '96/69' नावाने काढला होता. पुढे 'पॉइंट' या अल्बमच्या वेळी तर त्याने स्पर्धा घेऊन सर्वसामान्य श्रोत्यांनाच तुकडे दिले, आणि त्यातून 'पीएम' झाला. तो मला 'एफएम'पेक्षा फिका वाटतो. उत्साह भरपूर आहे, पण अनोळखी माणूस तुमच्या गाण्याशी जरा जपूनच वागतो.

दुसरा नमुना हवा असेल तर यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचा (वायएमओ) 'हाय-टेक/नो क्राइम' ऐका, 1992 चा. हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि र्यूइची साकामोतो या त्रिकुटाने 1978 पासून संगणकी यंत्रांवर पॉप केलं आणि ब्रिटनमधली नाच-संगीताची पुढची पिढी त्यावर वाढली. तीच पिढी इथे पाहुणी आहे: द ऑर्ब, ऑर्बिटल, अल्टर्न 8, 808 स्टेट. या शेवटच्या मंडळींनी नाव घेतलं रोलँडच्या टीआर-808 या ताल-यंत्रावरून, आणि ते यंत्र वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या बँडांत वायएमओ येतो. इथे देवाणघेवाण नाही, इथे शिष्य गुरूंच्या चिजा आपल्या घराण्याच्या अंगाने गाताहेत. म्हणून हा अल्बम 'एफएम'पेक्षा एकसंध वाटतो आणि त्यातल्या बऱ्याच ट्रॅकांत धाडस कमी आहे. बहुतेकांनी सुरावट ठेवली, खाली 1992 चा ठेका घातला. ऐकायला मजा येते. पण वायएमओबद्दल नवं काही कळतं का? मला तरी फारसं नाही.

तुमच्या हिरमोडामागे आणखी एक कारण असेल असं वाटतं, आणि ते जपानी नाही, आपल्याकडचं आहे. आपण रीमिक्स ऐकायला शिकलो ते 2002 च्या आसपास, 'कांटा लगा'च्या लाटेत. 1972 च्या 'समाधी'तलं लताबाईंचं, आर. डी. बर्मन यांच्या चालीचं गाणं नव्या गायिकेने गायलं, खाली ठेका आला. मूळ ध्वनिमुद्रणाला हात लागलेलाच नव्हता. त्या वेळच्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52(1)(जे) मुळे मूळ गाणं येऊन दोन वर्षं झाली की सूचना देऊन आणि मानधन भरून नवी आवृत्ती काढता येई, आणि कंपन्यांनी त्या फटीतून बैलगाड्या हाकल्या. 2012 च्या दुरुस्तीने कलम 31-सी आणून ती मुदत पाच वर्षं केली आणि अटीही कडक केल्या. त्या सवयीमुळे आपला कान रीमिक्समध्ये चाल शोधतो: चाल तीच, कपडे नवे. 'एफएम' याच्या बरोबर उलट आहे. तिथे मूळ ध्वनिमुद्रणातले तुकडे खरोखर वापरलेत, आणि चालीचं काहीही होवो.

दोन्हींच्या मधलं एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. आशाबाईंवर ब्रिटनच्या कॉर्नरशॉपने केलेलं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. 1997 मध्ये ते तिथल्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत जाऊन विरलं. फॅटबॉय स्लिम या नावाने ओळखला जाणारा डीजे नॉर्मन कुक याने ते आवडलं म्हणून हाती घेतलं, गती वाढवली, सूर वर नेला, ड्रम बदलले, आणि फेब्रुवारी 1998 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. 'एफएम' त्याच वर्षीचा. कुकने गाणं जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचेल असं केलं. 'एफएम'च्या पाहुण्यांना ती चिंताच नव्हती, कारण ऐकणाऱ्याकडे मूळ अल्बम आहे हे गृहीत धरलेलं होतं.

मग ऐकायचा कसा? एकामागून एक पूर्ण अल्बम नको. मूळ गाणं हेडफोनवर ऐका, लगेच त्याचा रीमिक्स, आणि लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: पाहुण्याने ठेवलं काय? एखाद्याने नुसती गिटारची एक झटक ठेवलेली असते. ती मूळ गाण्यात दोनदाच वाजून गेलेली, तुम्ही दुर्लक्ष केलेलं. रीमिक्समध्ये ती चार मिनिटं फिरते. परत मूळ गाणं लावा, आता ती झटक तुम्हाला आधीच ऐकू येईल. रीमिक्सने एवढं केलं तर माझ्या लेखी तो पास. उलट, ठेवलेला तुकडा कुठल्याही गाण्यातला असता तरी चाललं असतं असं वाटलं, तर पाहुण्याने तुमची फसवणूक केलीय, नाव कितीही मोठं असो. शेवटी त्या पाहुण्याचं 'सीएम'मधलं गाणं ऐका. कॉर्नेलिअसचा हात तिथे कसा चालतो ते पाहिलं की 'एफएम'मधली बाजू अधिक उलगडते. कोल्डकटसारखी माणसं तर यात मुरलेली. 1987 मध्ये एरिक बी अँड राकिम या रॅप जोडीच्या 'पेड इन फुल'मध्ये इस्रायली गायिका ओफ्रा हाझाचा आवाज आणून बसवणारे हेच. बाहेरचं काही घरात आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

आता तुमच्या ईपीकडे वळू. पाहुणे आधी ठरवा आणि गाणी नंतर वाटा. बहुतेक बँड उलट करतात: आपलं गाजलेलं गाणं पाच जणांना देतात आणि पाच सारखे ट्रॅक घेऊन बसतात. ज्याच्या स्वभावाशी जे गाणं भांडेल ते त्याला द्या. ओळखीत तालवादक असेल, शास्त्रीय गाणारं कुणी असेल, नाटकाचं ध्वनिसंयोजन करणारा असेल, तर त्यांना विचारा. सगळे लॅपटॉपवाले निर्माते घेऊ नका.

फाइल पाठवताना प्रत्येक वाद्याचा ट्रॅक गाण्याच्या शून्य क्षणापासून सुरू होईल अशी वेगळी फाइल काढा (बाउन्स करा), 24 बिटमध्ये, तुमचं ध्वनिमुद्रण ज्या सॅम्पल रेटला आहे त्यालाच. एमपी3 पाठवला तर चांगला माणूस काम न करताच परत पाठवेल. आवाजाचे दोन प्रकार द्या, रिव्हर्ब-डिलेसकट (घुमार आणि प्रतिध्वनीसकट) आणि कोरडा. संपूर्ण मिक्सवर लावलेले, आवाजाचा चढउतार दाबणारे कॉम्प्रेसर-लिमिटर काढून टाका. लय आणि पट्टी लिहून द्या. क्लिकशिवाय, म्हणजे लय धरणाऱ्या टिकटिकीशिवाय, वाजवलं असेल तर टेम्पो मॅप (लय कुठे किती बदलते याचा आराखडा) काढून द्या, नाहीतर पाहुण्याचे दोन दिवस त्यातच जातात. तुमचं पूर्ण मिक्सही सोबत ठेवा. आणि एक गोष्ट सहसा कुणी देत नाही ती द्या: फेकलेले टेक, वादकांची मधली बडबड, ड्रमच्या माइकमध्ये आलेला खोलीचा आवाज. पाहुण्याला बहुतेक वेळा तिथेच काहीतरी सापडतं.

सूचना कमी द्या. 'थोडं डान्सेबल करा' असं म्हटलंत की खेळ संपला. मुदत मात्र ठणकावून सांगा आणि ती खऱ्या मुदतीच्या महिनाभर आधीची सांगा.

कागदावर चार ओळी हव्यातच, मैत्री असली तरी. रीमिक्सच्या ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, पाहुण्याला ठोक रक्कम की हिस्सा, मूळ रचनेच्या हक्कांत त्याचा वाटा आहे की नाही, आणि त्याने बाहेरचं सॅम्पल वापरलं तर परवानगी कोण काढणार. रीमिक्स करणाऱ्याला ठोक रक्कम मिळते आणि रचनेत वाटा नसतो, ही सर्वसाधारण रीत. पण त्याने नवी चालच बांधली असेल तर आधी बोलून घ्या. स्वॉप करत असाल तर दुसऱ्या बाजूचं गाणं कधीपर्यंत द्यायचं तेही त्याच कागदावर लिहा. मी पाहिलेल्या स्वॉपांपैकी बरेचसे तिथेच मोडले, एकाने काम केलं आणि दुसरा व्यग्र झाला.

ट्रॅक परत आले की प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पातळीवर असेल, कुणी लिमिटर दाबून भरलेला, कुणी हवेशीर. पाहुण्यांकडून लिमिटर काढलेली आवृत्तीही मागून घ्या आणि सगळं एकाच मास्टरिंग (अल्बमाला शेवटचा हात फिरवण्याचं काम) करणाऱ्याकडे द्या. सगळ्यांना सारखं करू नको, फक्त श्रोत्याला दर गाण्याला आवाजाचं बटण फिरवावं लागणार नाही एवढं बघ, असं त्याला सांगा. क्रम लावताना मूळ ईपीचा क्रम विसरून जा. आणि एखादा ट्रॅक तुम्हाला अजिबात आवडला नाही, तर वगळण्याआधी तो ड्रमरला ऐकवा. गायकांना आपला आवाज कापलेला सहसा आवडत नाही, त्यामुळे निवडीचा निकाल एकट्या गायकावर सोडू नका.